लेकीला ‘फायनान्स’ला घालायचंय? मग कॉलेजचंही दप्तर तपासू या



गेल्या मे महिन्यात आपल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली. रक्कम पन्नास हजार, कारण शिक्षण. कर्जाचं कारण विचारायची आपली पद्धतच आहे, म्हणून अध्यक्षताईंनी विचारलं, “कसलं शिक्षण?” मागणी करणाऱ्या ताईंनी पिशवीतून गुळगुळीत कागदाचं एक रंगीत माहितीपत्रक काढलं. “लेकीला फायनान्सला घालायचीय. बीबीए फायनान्स. शंभर टक्के नोकरी देतात म्हणे. सीट बुक करायला पन्नास भरायचेत, उद्याच्या उद्या.”

कोपऱ्यातून एक मावशी म्हणाल्या, “फायनान्स म्हंजे त्या हप्तेवाल्यांसारखं का गं? दर मंगळवारी दारात येऊन बसायचं?” सगळ्या हसल्या. मग एकीने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही सांगा, चांगलं असतंय का हे?”

खरं सांगते, मला सांगता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली. जमा-खर्चाचं पान कसं वाचायचं हे मला तुमच्याच गटांच्या दप्तरांनी शिकवलंय. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, कर्ज मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरले गेले.

जुलैमध्ये कळलं की ते कॉलेज एका खासगी विद्यापीठाचं आहे. “मुलींना फी माफ आहे, नंतर पैसे परत येतील,” असं ज्या माणसाने ताईंना सांगितलं होतं, तो फोन उचलेना. पूर्ण फी भरा, नाहीतर सीट रद्द, असा निरोप आला. ताईंनी प्रवेश रद्द केला. पोरीची टीसी आणि मार्कलिस्ट परत मिळवायला आम्ही तीनदा तिकडे गेलो. कागद मिळाले, पन्नास हजार मिळाले नाहीत. त्या कर्जाचे हप्ते ताई अजून फेडताहेत. एकही चुकवलेला नाही.

तेव्हापासून मी ही माहिती गोळा करत होते. सीएंच्या ऑफिसात बसले, बँकेच्या साहेबांना विचारलं, कॉलेजच्या खिडक्यांवर उभी राहिले. बारावीतल्या लेकी आपल्या गटांत बऱ्याच जणींच्या घरी आहेत, म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते.

फायनान्स म्हणजे नक्की कुठलं काम?

फायनान्स हे एका कामाचं नाव नाही. शेती म्हटलं की त्यात ऊसही आला आणि शेळ्याही आल्या, तसं ते आहे. बँकेत काउंटरला बसणं, सीए होणं, मुंबईतल्या कंपनीत शेअर बाजाराचा अभ्यास करणं, साखर कारखान्याचे हिशोब लिहिणं, हे सगळं फायनान्सच. पण या प्रत्येक कामाचा रस्ता वेगळा आहे. म्हणून कॉलेज शोधण्याच्या आधी पोरीला समोर बसवून विचारा: तुला यातलं काय व्हायचंय? “अजून माहीत नाही” म्हणाली तरी चालेल. पण मग तीन वर्षांत महागात पडेल असं काही लगेच घेऊ नका.

बँकेत नोकरी हवी असेल, तर एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सरकारी बँकांची भरती आयबीपीएस नावाची संस्था परीक्षा घेऊन करते. स्टेट बँक स्वतःची परीक्षा घेते. आपल्या महाराष्ट्र ग्रामीण बँकेची भरतीही आयबीपीएसमार्फतच होते. या परीक्षांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते, शाखा कुठलीही चालते. सरकारी बँकेत क्लार्कसाठी वय २० ते २८, अधिकाऱ्यासाठी २० ते ३०, राखीव प्रवर्गाला त्यात सवलत. कॉलेज मोठं का छोटं, याला तिथे एकही मार्क नाही. क्लार्कची परीक्षा आता मराठीतूनही देता येते, फक्त इंग्रजी विषयाचा भाग इंग्रजीतच असतो. म्हणजे ज्या पोरीला बँकेतच जायचंय, तिच्यासाठी लाखांची फी भरून लांबचं कॉलेज घेण्यात काही अर्थ नाही. तालुक्याचं बी.कॉम. आणि रोज दोन तास गणित, इंग्रजी, बुद्धिमत्तेचा सराव, हे तिच्या जास्त कामाचं.

सीएचा रस्ता तर कॉलेजमधून जातच नाही. त्याची परीक्षा देशपातळीवरची सीए इन्स्टिट्यूट घेते. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटर, मग दोन वर्षं एखाद्या सीएच्या हाताखाली काम (त्याला आर्टिकलशिप म्हणतात, त्याचे थोडे पैसेही मिळतात) आणि शेवटी फायनल. बी.कॉम.ला ५५ टक्के पडले तर फाउंडेशन न देता थेट इंटरला बसता येतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. परीक्षा अवघड आहे, हे लपवत नाही. जून २०२४ च्या फाउंडेशनला शंभरातले साधारण पंधराच पास झाले. पेपर इंग्रजी किंवा हिंदीतूनच लिहावा लागतो, मराठी चालत नाही. पण इन्स्टिट्यूटची फी खासगी कॉलेजच्या फीपुढे किरकोळ आहे. अशा पोरीसाठी कॉलेज निवडताना एकच बघायचं: वर्ग सकाळचे आहेत का, आणि अभ्यासाला वेळ उरतो का.

तिसरा रस्ता हिशोबाच्या कामाचा. पतसंस्था, दूध संघ, कारखाना, व्यापाऱ्याची पेढी, तालुक्याच्या सीएचं ऑफिस. बी.कॉम., टॅली, जीएसटीचं काम येत असेल तर पोरगी घराजवळ कमावती होते. याला कुणी ‘करिअर’ म्हणत नाही, म्हणून माहितीपत्रकात ते छापत नाहीत.

कॉलेजच्या नावाला खरी किंमत आहे ती चौथ्या रस्त्यावर: मोठ्या कंपन्या, परदेशी बँका, शेअर बाजार, म्युच्युअल फंड. तिथे कंपन्या स्वतः कॉलेजात येऊन पोरं निवडतात आणि त्या मोजक्याच कॉलेजांत जातात. मुंबईचं सिडनहॅम १९१३ पासूनचं आहे आणि सरकारी आहे. पोदार, नरसी मोनजी, एच. आर. ही मुंबईची आणि बीएमसीसी हे पुण्याचं, ही अशी नावं आहेत. दिल्लीचं श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सही आहे, त्याला सीयूईटी नावाची देशभराची परीक्षा द्यावी लागते. आयआयएम इंदूर बारावीनंतरच पाच वर्षांचा कोर्स देतं, पण त्याची परीक्षा वेगळी, कठीण आणि फीही मोठी. पोरगी खरंच हुशार असेल आणि तिला हेच हवं असेल, तर “आपल्याला कुठं जमतंय” म्हणून मागे ओढू नका. फक्त तयारी अकरावीपासून लागते. आणि एक विनंती: अकरावी कॉमर्सला गणित की एसपी असा प्रश्न आला, तर झेपत असेल तर गणित घ्या. सीएच्या फाउंडेशनला गणित-संख्याशास्त्राचा अख्खा पेपर आहे, आणि दिल्लीला अर्थशास्त्राच्या ऑनर्सला गणित लागतंच.

नावावरून फसू नका, हेही इथेच सांगते. मुंबईत नरसी मोनजी नावाचं मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं जुनं कॉलेज आहे आणि त्याच नावाचं अभिमत विद्यापीठही आहे. दोन्ही चांगलीच, पण प्रवेशाची रीत वेगळी आणि फीत जमीन-अस्मानाचा फरक. फॉर्म भरताना पूर्ण नाव वाचा.

एकाच इमारतीत दोन फी

आता पदव्यांची नावं. साधं बी.कॉम. आहे. बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स आहे, त्याला मुंबईकडे बीएएफ म्हणतात. बीएमएस आणि बीबीए आहेत. बीबीएत व्यवस्थापन जास्त शिकवतात आणि फायनान्सचे विषय बहुतेक ठिकाणी नंतरच्या वर्षांत येतात, तेही कॉलेजात पुरेशी मुलं आणि शिक्षक असतील तर. माहितीपत्रकावर ‘बीबीए फायनान्स’ लिहिलेलं असलं तरी फायनान्सचे विषय किती आणि ते कोण शिकवतं हे विचारा. बीएएफमध्ये हिशोब, कर, ऑडिट हे विषय पहिल्यापासून आणि जास्त असतात. फायनान्सच करायचं असेल तर माझ्या मते बीबीएच्या आधी हे बघावं.

२०२४ पासून बीबीए, बीएमएससारखे कोर्स एआयसीटीई या केंद्राच्या संस्थेच्या मान्यतेखाली आले आणि आपल्या राज्यात त्यांना सीईटी लागू झाली. पहिल्या वर्षी कितीतरी पोरांना हे कळलंच नाही. परीक्षेला इतकी कमी मुलं बसली की ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. आपल्या त्या ताईंच्या मुलीनेही सीईटी दिली नव्हती, आणि नेमकं हेच हेरून तो माणूस घरी आला होता. साध्या बी.कॉम.ला राज्याची ही सीईटी नाही. काही कॉलेजांनी सीईटी टाळायला बीएमएसचं नाव बदलून ‘बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज’ केलंय, तेव्हा नेमका कोणता कोर्स आहे ते कॉलेजच्या खिडकीवरच विचारा. सीईटीचे फॉर्म साधारण जानेवारीपासून सुरू होतात. बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर वेळ गेलेली असते.

आणखी एक. एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत बी.कॉम.ला फी काही हजार आणि बीबीएला त्याच्या कितीतरी पट, असं का असतं? कारण बी.कॉम. अनुदानित असतं, म्हणजे मास्तरांचा पगार सरकार देतं. बीबीए, बीएएफ बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असतात, म्हणजे पगार तुमच्या फीतून जातो. म्हणून “हे कॉलेज अनुदानित आहे का” एवढं विचारून भागत नाही. “हा कोर्स अनुदानित आहे का” असं विचारा.

शंभर टक्के नोकरी, पण कसली?

त्या कॉलेजात आम्ही कागद आणायला गेलो, तेव्हा भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे मोठे फोटो होते. खाली पगाराचे आकडे. ताई त्या फोटोंकडे बघतच राहिल्या होत्या. मी बाहेर चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांशी बोलले. ती म्हणाली, “मॅडम, येतात कंपन्या. विमा विकायचं काम, नाहीतर कर्जवसुलीला फोन करायचे. चौदा हजार देतात. महिन्याचं टार्गेट झालं नाही तर तेवढेही नाहीत.” मावशींचा हप्तेवाला मला तिथेच आठवला.

कामाला कमी लेखत नाही. पण चौदा हजारांच्या कामासाठी किती लाख घालायचे, हा प्रश्न आहे. म्हणून कॉलेजला पगाराची सरासरी विचारू नका, मधला पगार विचारा. कसं ते बघा. दहा मुली आहेत. नऊ जणींना बारा हजार आणि एकीला एक लाख. बेरीज झाली दोन लाख आठ हजार, सरासरी आली वीस हजार आठशे. कॉलेज छापणार, “सरासरी पगार एकवीस हजार.” पण मुलींना पगाराप्रमाणे ओळीत उभं करा आणि मधलीला विचारा. ती सांगेल, बारा. आपली लेक बहुतेक त्या मधलीच्या आसपासच असणार.

याच्या जोडीला विचारा की वर्गात किती मुलं होती, त्यातल्या किती जणांनी मुलाखती दिल्या, आणि कंपनीचं पत्र किती जणांच्या हातात आहे. काही ठिकाणी शंभर टक्के म्हणजे मुलाखतीला बसवलेल्यांतले शंभर टक्के. मागच्या दोन वर्षांच्या चार-पाच मुलींचे फोन नंबर मागा. चांगलं कॉलेज देतं किंवा भेट घालून देतं. नॅकचा दर्जा बघा, पण तो अख्ख्या कॉलेजचा असतो, त्या एका कोर्सचा नाही. यूजीसीच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादी असते, ती आपल्या बँक सखीच्या मोबाइलवरही पाहता येईल.

मुलींच्या बाबतीत दोन गोष्टी मी जास्त बघेन. शेवटचा तास किती वाजता सुटतो आणि त्यानंतर गावची एसटी आहे का. बारावीपर्यंत मुलींना एसटी पास मोफत असतो, पदवीला तो मोफत राहत नाही, पण विद्यार्थी पास साधारण एक तृतीयांश पैशांत मिळतो. शहरात ठेवणार असाल तर वसतिगृह कॉलेजचं आहे की कुणा मालकाने भाड्याने चालवलेलं, हे आत जाऊन, खोली आणि संडास-बाथरूम बघून ठरवा. तिथे राहणाऱ्या मुलींशी बोला, आणि तेव्हा वॉर्डनबाईंना जरा लांब थांबवा.

पैशांचा हिशोब

गटाचं कर्ज देताना आपण विचारतो, फेडणार कशातून? इथेही तेच. समजा फी वर्षाला एक लाख वीस हजार. तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार. खोली आणि मेस महिन्याला आठ हजार, वर्षातले दहा महिने धरले तर तीन वर्षांचे दोन लाख चाळीस हजार. झाले सहा लाख. लॅपटॉप, प्रवास, कपडे धरलेच नाहीत. दहा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता जवळपास दहा हजार येतो, शिकतानाच्या काळातलं व्याज वेगळं. पगार चौदा हजार. उरलेल्या चार हजारांत पोरगी पुण्यात राहणार कशी?

हाच हिशोब मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजला लावला तर उत्तर वेगळंही येऊ शकतं. म्हणून मी लांब पाठवू नका असं म्हणत नाही. मांडून बघा, एवढंच.

फीमाफीबद्दल नीट वाचा, कारण ताईंची फसगत इथेच झाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला माफी नाही. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं यात नाहीत. म्हणजे “डायरेक्ट अ‍ॅडमिशन करून देतो” म्हणणारा माणूस तुमची माफीच घालवत असतो. तुमचा कोर्स महाडीबीटीच्या यादीत आहे का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या टेबलावर विचारून घ्या, आणि जमलं तर लेखी घ्या. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींना शिष्यवृत्ती वेगळी आहे. राहण्या-जेवणासाठी स्वाधार, स्वयंम, सावित्रीबाई फुले आधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. तुम्ही कुठल्या योजनेत बसता ते आपल्या कार्यालयात विचारा, आम्ही यादी लावलीय.

कर्ज काढायचंच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. हप्ता शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही नकोत, पण ती सरकारच्या यादीतल्या नावाजलेल्या संस्थांनाच आहे. मायक्रोफायनान्सचं कर्ज फीसाठी घेऊ नका. त्याचा हप्ता पुढच्याच आठवड्यात नाहीतर महिन्यात सुरू होतो, आणि पोरीची कमाई सुरू व्हायला तीन वर्षं असतात. गटाचं अंतर्गत कर्ज फॉर्म, पुस्तकं, वसतिगृहाची अनामत यासाठी ठीक. सीट बुक करायला मात्र नाही. त्या बैठकीत मी हे बोलायला हवं होतं.

आणि प्रवेश रद्द करायची वेळ आलीच तर: यूजीसीचा नियम आहे की कॉलेजने मूळ कागद तपासून लगेच परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत. फी परत मिळण्याचाही नियम आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या जितक्या आधी अर्ज द्याल तितके जास्त पैसे मिळतात, आणि ती तारीख उलटून महिना झाला की काहीच नाही. म्हणून अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तक्रार यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर करता येते. आपण पोच घेतली नव्हती. पैसे भरल्याच्या पावतीवरही फी नाही, ‘नोंदणी’ लिहिलेलं होतं.

बारावीला लेक असेल तर उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, डोमिसाइल हे कागद आत्तापासून काढायला घ्या. पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि जून-जुलैत सेतूपुढची रांग तुम्ही बघितलीच आहे.

ताईंची मुलगी आता तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम.ला आहे. सकाळी सातचा वर्ग, साडेअकराच्या गाडीने घरी. तिने सीए फाउंडेशनची नोंदणी केली आणि जानेवारीत परीक्षा दिली. चारशेपैकी दोनशे लागतात, तिला १८४ पडले. पुन्हा बसणार म्हणते. दुपारी ती आपल्या ग्रामसंघाचं दप्तर लिहायला मदत करते, आणि मागच्या ऑडिटला तिने व्याजाच्या खात्यातली एक चूक काढली, जी माझ्याही नजरेतून सुटली होती.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी कार्यालयात असते. कुणाच्या घरी असं माहितीपत्रक आलं असेल तर घेऊन या, लेकीलाही आणा. पैसे भरायच्या आधी या.